पोटातल्याची सव्वा मूठ

खापरावर मांडा पडताना बाईनं श्वास धरायचा असतो, असं धुरपदाबाई सांगायची. सांगून झालं की समोरच्या बाईचा श्वास कधी सुटतो ते बघत बसायची. तो सुटायचाच. मांडा फाटायचा, पुरण निखाऱ्यात पडून करपायचं, आणि धुरपदाबाई त्या बाईला, तिच्या आईला आणि आईच्या गावाला एका दमात नावं ठेवायची.

आमचं गाव धरणगाव आणि एरंडोलच्या मध्ये, हमरस्त्यापासून आत, कपाशीत बुडालेलं. तिच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्या भिंतीतून तीस वर्षं मी तिचं बोलणं ऐकलं आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगतो ते कमी करूनच सांगतो.

मांडे करावेत तिनंच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती कोपरापर्यंत न्यायची. तो ओढणीसारखा पसरायचा, आणि मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर ती तो असा अंथरायची की कुठं सुरकुती पडायची नाही. लग्नाच्या घरून बैलगाडी यायची, पुढं रिक्षा यायला लागली. एरंडोलच्या एका लग्नात पुरण पाट्याऐवजी मिक्सरमध्ये वाटलेलं तिला दिसलं. वरात दारात असताना ती पदर खोचून उठली आणि चालत घरी आली. त्या घराशी ती नंतर कधी बोलली नाही. त्या घराचं नाव निघालं तरी थुंकायची.

तिचे पाय हा गावातला एक चमत्कार होता. चुलीपुढं तासन्‌तास बसायची, पायाशी राख, ठिणग्या, सांडलेलं गरम तूप. बाकीच्या बाया पाय झटकत उठायच्या. धुरपदाबाईचा पाय जागचा हलायचा नाही. बाया म्हणायच्या, कानबाई देवीनं तिच्या तळपायाला हात लावला आहे. ती हे ऐकायची आणि नाही म्हणायची नाही. दहा-बारा वर्षं तिला चटका असा लागलाच नव्हता. तहान मात्र लागायची. शेजारी पाण्याचा तांब्या कायम भरलेला असायचा, आणि तो कायम रिकामा व्हायचा. चुलीची धग, ती म्हणायची, आणि आम्हीही तेच म्हणायचो.

नवरा झुलाल नाना. बोलायचं काम त्यांनी लग्नाच्या दिवशीच तिच्याकडं सोपवलं होतं. मुलगा एक, भिकन. आमच्याकडं भिकन नाव असलेल्या माणसाच्या आधी एखादं भावंड मातीत गेलेलं असतं. पुढचं जगावं म्हणून त्याला भिकेत मागितलेलं नाव ठेवतात. धुरपदाबाईचं पहिलं बाळंतपण घरात झालं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुईण ओढत राहिली. मूल निघालं तेव्हा निळं होतं. पाच शेराचं होतं, सुईण म्हणाली. धुरपदाबाईनं दुःख गिळलं, पण तो आकडा गिळला नाही. तीस वर्षं ती सांगायची, मेला पण भीमासारखा होता, गावाची नजर लागली. आणि ज्या बायांची लेकरं बारीक जन्मली त्यांच्याकडं अशी बघायची, जणू त्यांनी कमी मापात माल दिला.

भिकनची बायको रूपा धुळे तालुक्यातली. बारावी शिकलेली, अंगानं उंच, बोलण्यात हळू. सासूच्या हाताखाली तिचा पहिला मांडा फाटला, दुसराही फाटला. तिसऱ्या दिवशी तिनं शांतपणे सांगितलं की मला भाकरी चांगली येते, मी भाकरी करत जाईन. सासूला एवढं शांत उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं. भांडण तिथूनच सुरू झालं. बाकीच्या गोष्टी नंतर त्याला येऊन मिळाल्या.

आषाढात रूपाला सहावा महिना लागला. गावची आशा ताई दिपमाला तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. तिथं ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, दोन तास बाकड्यावर बसवलं आणि मग रक्त घेतलं. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. एकशे चाळीसच्या आत हवा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नको, थोडीच वाढलेली आहे. पण सोडून देण्याइतकी थोडी नाही. आईच्या रक्तातली जादा साखर नाळेतून मुलाकडं जाते आणि मूल गरजेपेक्षा जाड होतं. जाड मूल बाहेर येताना अडकतं. बाहेर आल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम उतरू शकते. आईची साखर बहुतेक वेळा बाळंतपणानंतर जाते, पण पुढं दहा-पंधरा वर्षांनी कायमची होऊन परत येण्याची भीती राहते. गोड बंद, गूळही बंद, भात थोडा, भाकरी, भाजी, डाळ, आणि जेवल्यावर अर्धा तास चालायचं. बहुतेक बायांचं एवढ्यावरच भागतं, नाही भागलं तर औषध देऊ.

दिपमालानं हे सगळं धुरपदाबाईच्या ओट्यावर बसून पुन्हा सांगितलं. धुरपदाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, किती वाढली आहे. जराशी, दिपमाला म्हणाली.

"जरासं म्हणजे काहीच नही," धुरपदाबाई म्हणाली. "साखर मोठा लोकेस्ले व्हस. आपला घर चहामा बी गूळ शे."

साखर मोठ्या लोकांना होते, हे ऐकून ओट्यावर जमलेल्या बाया हसल्या. दिपमालाही हसली असती, पण तिच्या रजिस्टरात रूपाच्या नावापुढं लाल खूण होती.

मग त्या घरात लढाई जुंपली. रूपा ज्वारीची एक भाकरी मोजून घ्यायची, सासू दुसरी तिच्या ताटात आपटायची. रूपा ती उचलून परत टोपलीत ठेवायची. जेवण झालं की रूपा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्यानं चालायला निघायची आणि सासू ओट्यावरून साऱ्या गल्लीला सांगायची की आमची सून सहाव्या महिन्यात गाव मोजते आहे. भिकननं जळगावहून रक्त तपासायचं छोटं मशिन आणलं. झालं, गल्लीतल्या बायांना महिनाभराची करमणूक मिळाली. रूपाच्या पोटातल्याला लाइटीसारखं मीटर बसवलंय, आता दर महिन्याला रीडिंगवाला येणार, असं त्या म्हणायच्या. रूपाच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या.

रूपा सगळं नेमानं करत होती, तरी मशिनचा आकडा उतरेना. जेवणानंतर एकशे बावन्न, एकशे छप्पन्न. दिपमालानं तिला पुन्हा पुन्हा विचारलं, चोरून काही खातेस का. त्या प्रश्नानं रूपा रडली. मग एके दिवशी ती चालायला निघाली आणि चप्पल बदलायला अर्ध्यातून परत आली. सासू तिच्या रात्रीच्या वरणात गूळ कुसकरत होती. वर चिंचेचा कोळ घालत होती, गोडी दबावी म्हणून. वरण रोज आंबटगोड का लागतं हे तिला आता कळलं.

रूपा ओरडली नाही. तिनं ते वरणाचं पातेलं उचललं आणि परसात नेऊन ओतलं. त्या दिवसापासून तिनं आपल्यापुरती वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं, वेगळं मीठ. आठवड्यात आकडा एकशे चौदावर आला. धुरपदाबाईला एवढंच दिसलं की घरात दोन चुली झाल्या. तिनं दिपमालाला रस्त्यात गाठलं.

"तू आते मन्हा उंबरठा चढू नको," ती म्हणाली. "मन्हा घरमा भीम जन्मना व्हता. तू माले शिकाडू नको."

दिपमालानं त्यानंतर उंबरठा चढला नाही. जिनिंगच्या रस्त्यावर ती रूपासोबत चालायला लागली.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. रोटाची रीत मात्र घरोघरी थोडी वेगळी. धुरपदाबाईच्या घरची रीत अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळायचे, आणि त्याच पिठाचा नैवेद्य करायचा. तो नैवेद्य म्हणजे रोट. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही. आणि त्या घरची आणखी एक रीत होती. सुनेच्या पोटात पाच महिन्यांवरचं मूल असेल तर त्याचीही सव्वा मूठ पडते. त्याचा वाटा त्याच्या आईनं खायचा. पोटातलं पोरगाच आहे, असं धरूनच ती मूठ टाकतात.

शनिवारी सकाळी धुरपदाबाई सुपात गहू घेऊन बसली. झुलाल नानांची सव्वा मूठ टाकली. भिकनची टाकली. मग तिनं हात गव्हात खोल घातला, बोटं फाकवून, आणि जी मूठ वर आली ती दोन पुरुषांची होती. ती टाकताना तिनं रूपाकडं पाहिलं. रूपानंही पाहिलं. भिकन दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

रविवारी तिनं चूल पेटवली. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याशिवाय काही नव्हतं. नैवेद्य होईपर्यंत ती खात नसे. पुरण पाट्यावर वाटलेलं, खीर शिजलेली, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. खापर तापलं. मी भिंतीपलीकडून वास घेत होतो आणि खरं सांगतो, तिचं बोलणं विसरून तो वास घ्यावा असाच होता.

रूपा पाणी आणायला चुलीमागून गेली तेव्हा तिला दुसराच वास आला. चामडं जळाल्यासारखा. तिनं आधी कापड पाहिलं, पदर पाहिला. मग तिला सासूच्या उजव्या पायाच्या करंगळीखालून धुराची बारीक रेघ येताना दिसली. निखारा पायाखाली गेला होता आणि धुरपदाबाई त्यावर पाय ठेवून मांडा फिरवत बसली होती. श्वास धरलेला, चेहरा स्वस्थ.

रूपानं तिचा घोटा धरून पाय ओढला. मांडा फाटला. तीस वर्षांत धुरपदाबाईचा मांडा पहिल्यांदा फाटला. ती सुनेच्या अंगावर गेली. रूपा पायाकडं बोट दाखवत राहिली. करंगळीखालची कातडी काळी पडून फुटली होती. धुरपदाबाईनं ती वाकून पाहिली, आणि जणू दुसऱ्याचा पाय आहे अशा आवाजात म्हणाली की त्यात काय, मला चटका लागतच नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. पायाला राख लावली आणि पुढचा गोळा हातावर घेतला.

पण रूपाच्या डोक्यात दिपमालाचं बोलणं फिरत होतं. जिनिंगच्या रस्त्यावर रोज अर्धा तास ती तेच ऐकत होती: जुनी साखर पायांत उतरते, पाय मुके होतात, तहान भागत नाही. तिनं आत जाऊन मशिन काढलं आणि आपल्या बसायच्या जागेशी आणून ठेवलं.

नैवेद्य झाला. पानं मांडली. झुलाल नाना, भिकन, आणि मग रूपापुढं ते ताट आलं. पुरणानं फुगलेले तीन मांडे, वर तुपाची धार, खिरीची वाटी काठोकाठ.

"हाई तुन्हं नही शे," धुरपदाबाई म्हणाली. "त्यान्हं शे. खाय."

रूपा म्हणाली, प्रसाद म्हणून एक घास घेईन. धुरपदाबाई म्हणाली, घास भिकाऱ्याला देतात, वाटा वाट्याएवढाच खायचा असतो. देवीसमोर रोट टाकणारी सून या घरात झाली नाही आणि होणार नाही.

"माले नको," रूपा म्हणाली. "त्याले बी नको."

भिकननं मान खाली घातली. रूपानं मशिन पुढं सरकवलं आणि त्या दिवसातलं तिचं सगळ्यात मोठं वाक्य बोलली.

"आत्या, पहिले तुम्ही बोट द्या. तुमना आकडा मन्हाथून कमी निंघना, ते मी बठ्ठं खाई लिसू."

सासूचा आकडा कमी निघाला तर सून सगळं ताट खाणार, ही पैज होती, आणि धुरपदाबाई पैज सोडणारी बाई नव्हती. तिनं बोट असं पुढं केलं, जसं लग्नघरी मानाचं पातळ घ्यायला हात पुढं करायची. रूपानं आधी स्वतःचं बोट टोचलं. तीही सकाळपासून उपाशीच होती. अठ्ठ्याऐंशी. मग सासूचं टोचलं. सुई लागल्याचं धुरपदाबाईच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

दोनशे शहाऐंशी.

मशिन खोटं आहे, धुरपदाबाई म्हणाली. भिकननं न सांगता आपलं बोट पुढं केलं. सत्त्याण्णव. मशिन खोटं असतं तर तिघांशी खोटं बोललं असतं. पण हे तिला सांगणार कोण? ती म्हणाली, सुनेनं मशिनला पढवून ठेवलं आहे. म्हणाली, हे सगळं त्या आशाबाईचं कारस्थान आहे. आवाज चढत गेला. भिंतीपलीकडं माझ्या हातातला घास हातातच राहिला.

तेव्हा झुलाल नाना बोलले. तीस वर्षांत त्या घरातून मी त्यांचा आवाज इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

"धुरपदा, तवय बी सव्वा मूठ टाकेल व्हती. आन तू बठ्ठी खादी."

तेव्हाही मूठ पडली होती आणि तिनं ती सगळी खाल्ली होती, एवढंच. कधी, कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. भिकनला त्याच्या नावाचा अर्थ लहानपणापासून माहीत होता.

आता इथं कुणाला वाटेल की ती रडली असेल, सुनेला जवळ घेतलं असेल. मी धुरपदाबाईबद्दल सांगतो आहे. तिनं रूपापुढचं ताट स्वतःकडं ओढलं. स्वतःचंही ताट ओढलं. मांडी घालून बसली आणि सगळ्यांच्या देखत, रूपाच्या डोळ्यात डोळा घालून, दोन्ही वाटे खाल्ले. तीन मांडे, मग आणखी दोन, खिरीच्या दोन वाट्या. एक कण उरवला नाही. वाटीच्या कडेला लागलेलं बोटानं पुसून खाल्लं. मग उठली, हात धुतले, आणि तांब्याभर पाणी प्यायली, आणि आणखी एक तांब्या.

त्यानंतर ती रूपाशी बोलायची थांबली.

पाय मात्र बोलायला लागला. राख लावलेली जखम आठ दिवसांत हिरवी झाली, पंधरा दिवसांत वास यायला लागला. दुखत नाही म्हणून ती चालत राहिली. भिकननं तिला उचलून रिक्षात घातलं तेव्हा तिनं त्याच्या पाठीत बुक्के मारले. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन बोटं काढली. थोडा उशीर झाला असता तर पाऊल काढलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. साखर अंगात कमीत कमी दहा-बारा वर्षांपासून असणार, असंही सांगितलं, आणि विचारलं की पहिल्या बाळंतपणात मूल फार मोठं होतं का. धुरपदाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. झुलाल नाना हो म्हणाले.

घरी आल्यावर रोज इंजेक्शन घ्यायचं ठरलं. भिकनला सुई बघवायची नाही, नानांना दिसायचं नाही. राहिली रूपा. आठव्या महिन्याचं पोट सावरत ती रोज सकाळी सासूच्या खाटेशी बसायची, पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सुई लावायची. तेवढा वेळ सासू भिंतीकडं बघायची. सुई निघाली की पदर झाडायची, जणू काही चिकटलं होतं. ही पूजा दीड महिना रोज चालली.

मांडे बंद झाले. चुलीपुढं पाय दुमडून बसता येईना. बोलावणी दुसऱ्या बायांकडं गेली. खाटेवरून ती त्या बायांना नावं ठेवायची. तेवढी ताकद तिच्यात राहिली होती.

दिवाळी आठ दिवसांवर असताना रूपाला कळा सुरू झाल्या. साखरेची नोंद होती म्हणून तिला जळगावला नेलं. आपण येणार, असं धुरपदाबाईनं कुणाला सांगितलं नाही. गाडी दारात लागली तेव्हा ती काठी टेकत आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. तिला उतरवायची हिंमत कुणी केली नाही. दिपमालाही त्याच गाडीत मागं होती.

मी भिकनसोबत गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बाळंतिणींच्या खोलीबाहेर बाकडं होतं. एका टोकाला धुरपदाबाई, दुसऱ्या टोकाला दिपमाला, मध्ये माणूस झोपेल एवढी जागा, आणि त्या जागेत धुरपदाबाईची पिशवी. आतून रूपाचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दर वेळी तो थांबला की धुरपदाबाईचा हात काठीवर घट्ट व्हायचा. एकदा आवाज बराच वेळ आला नाही. तेव्हा तिनं श्वास धरलेला मी पाहिला. खापरापुढं धरायची तसा, गाल किंचित फुगलेले, डोळे एका जागी.

दार उघडलं. नर्स बाहेर आली. भिकन पुढं झाला, पण त्याच्या आधी धुरपदाबाई काठीवर उभी राहिली होती. पोरगा की पोरगी, हे तिनं विचारलं नाही.

"खांदा मोकळा निंघना का?"

नर्सला प्रश्न कळला नाही. तिनं दिपमालाकडं पाहिलं. दिपमालानं सांगितलं, अक्का विचारतायत, खांदा अडकला का. नर्स म्हणाली, नाही, नीट झालं सगळं, मुलगी आहे, दोन किलो नऊशे. बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन साखर पाहिली, तीही चांगली आहे. पुन्हा दोन-तीनदा पाहू.

धुरपदाबाई खाली बसली. तिचा श्वास सुटला तो मला ऐकू आला.

"बारीक शे," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. आवाजात नेहमीचाच कडूपणा होता, आणि दिपमालाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. पण बाकड्यावर मध्ये ठेवलेली आपली पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली, आणि तेवढी जागा मोकळी झाली.